चक्कीचे धनी: पाणचक्की, खुलताबाद, दौलताबाद

पाणचक्की न पाहिलेला मराठवाड्यातला शाळकरी मुलगा शोधून सापडायचा नाही. सहलीची गाडी आधी बीबी का मकबऱ्याला, मग पाणचक्कीला आणि मग वेरूळला, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा मार्ग. पोरं फिरणारं जातं बघतात, हौदातले मासे बघतात, वडाखाली डबे सोडतात आणि दोन-दोनच्या रांगेत बाहेर पडतात. त्याच आवारात, मशिदीला लागून, तांबड्या दगडाची एक साधी समाधी आहे. तिच्यापर्यंत फारसं कुणी जात नाही. खरं तर जातं, हौद, डोंगरातून आणलेली नहर हा सगळा पसारा त्या समाधीतल्या फकिराच्या दारी येणाऱ्याला भाकर मिळावी म्हणून उभा राहिला. या खेपेला संभाजीनगरला गेलो तो चक्कीसाठी नव्हे, चक्कीच्या धन्यांसाठी. आणि एकदा त्या वाटेला लागल्यावर खुलताबाद आणि दौलताबाद टाळणं शक्यच नव्हतं.

शुक्रवार

पुण्याहून सकाळची एसटी. नगर मागे पडलं की रस्ता मोकळा होतो. कायगाव टोक्याच्या पुलावर गोदावरी लागते. पाऊस नुकताच सरला होता, नदी दोन्ही काठ धरून होती. दुपारी उस्मानपुऱ्यात मावसभावाच्या घरी टेकलो. पुढचे सगळे दिवस मी त्याच्याच स्कूटरवर मागे बसून हिंडलो.

संध्याकाळी त्यानेच विषय काढला. "दादा, दर्गेच बघायचेत ना? मग आपल्या गल्लीपासून सुरू कर. शहानूरमियाँला चल."

शहानूरमियाँ हा शहराच्या दक्षिण भागातला चौक आहे, रिक्षाचा थांबा आहे, पत्त्यातली खूण आहे. शहानूरवाडी नावाची वसाहत आहे. तिथे राहणाऱ्या कितीजणांना शाह नूर हम्मामींची हकिगत ठाऊक असेल, शंकाच आहे. हे सतराव्या शतकातले फकीर, 1692 च्या सुमाराला वारले. त्यांच्या नावामागे 'हम्मामी' लागलं त्याची आठवण मोठी गोड आहे. दारी आलेल्या माणसाला ते आधी हम्मामात जाऊन अंघोळ करून यायला पैसे देत. लांबून पायपीट करून आलेला, धुळीने माखलेला माणूस. त्याला उपदेश नको, आधी गरम पाणी पाहिजे. दियानतखान नावाचा मोगल अधिकारी त्यांचा भक्त होता. दौलताबादचे मानपुरी महाराज आणि शाह नूर यांच्या स्नेहाच्या कथा दोन्ही बाजूंच्या परंपरेत सांगतात.

आवारात शुक्रवारची वर्दळ होती. एक बाई तापाने फणफणलेलं बाळ घेऊन पायरीवर बसली होती आणि तिची सासू आत फुलं द्यायला गेली होती. भाऊ चपला सांभाळत बाहेर थांबला. मी आत जाऊन आलो. गर्दी असल्याने फार रेंगाळता आलं नाही.

शनिवार

सकाळी लवकर पाणचक्की गाठली, सहलीच्या गाड्या यायच्या आत. खाम नदीचा पूल ओलांडताना महमूद दरवाजा समोर येतो, त्याच्या शेजारीच आवार. दारातून आत शिरलं की आधी आवाज येतो. डाव्या-उजव्या कुठल्याही गोष्टीकडे बघण्याआधी माणूस त्या आवाजाकडे वळतो: भिंतीच्या माथ्यावरून हौदात कोसळणारं पाणी. पावसाळ्यानंतरचे दिवस असल्याने धार चांगली जाड होती आणि वारा फिरला की तुषार पार वडाच्या पारापर्यंत येत होते.

हे पाणी हर्सूलच्या बाजूच्या डोंगराकडून, आठेक किलोमीटरवरून येतं. वाट सगळी जमिनीखालून, भाजलेल्या मातीच्या नळांतून. मधेमधे उंच चौकोनी मनोरे बांधले आहेत. पाणी त्यांच्यात चढतं, नळात कोंडलेली हवा वर मोकळी होते आणि पाणी पुढच्या टप्प्याला लागतं. कुठे पंप नाही, कुठे माणसाचा हात लागत नाही. उगमाची उंची शेवटपर्यंत जपून ठेवायची, हे त्यामागचं सगळं शास्त्र. शेवटच्या भिंतीवर ती राखून ठेवलेली उंची एकदम सोडून दिली आहे.

चक्कीची खोली लहान आहे. जाळीतून वाकून पाहिलं तर वर दगडी जातं दिसतं आणि खाली, अंधारात, पाती लावलेलं आडवं चाक. पाण्याचा मारा पात्यांवर बसतो, चाक फिरतं, त्याच्या उभ्या आसाबरोबर जात्याचा वरचा दगड फिरतो. दातेरी चाकं नाहीत, पट्टे नाहीत. मी बराच वेळ त्या आसाकडे बघत होतो. जिथे तो दगडात शिरतो तिथे सतत ओल असते आणि तिच्यावर बारीक शेवाळ धरलेलं आहे. दगड मात्र कोरडा. पीठ ओलं होऊ नये एवढी काळजी त्या बांधणीत घेतलेली स्पष्ट दिसते. आता दळण पडत नाही, दगड नुसता फिरतो. पूर्वी इथे तकियातल्या, म्हणजे इथल्या मठातल्या, फकिरांसाठी, वाटसरूंसाठी आणि शहरातल्या शिबंदीसाठीही पीठ निघत असे.

हौदाची रचना तर माझ्या मते चक्कीपेक्षाही हुशारीची. हौद जमिनीत खणलेला नाही. त्याच्या खाली जाडजूड खांबांवर तोललेलं भलंमोठं दालन आहे. वरच्या हौदाचा तळ तेच खालच्या दालनाचं छत. डोक्यावर पाणी, बाजूला खाम नदी. उन्हाळ्यात बाहेर आग पाखडत असताना आत गारवा. इथे मुक्कामाला आलेली माणसं उतरत. जास्तीचं पाणी हौदातून खाम नदीत सोडून दिलेलं आहे. मशीद, मदरसा, कचेरी, सराई, जनान्याची घरं हे सगळं मिळून एक नांदतं आवार होतं. म्हणजे आपण ज्याला 'पर्यटनस्थळ' म्हणतो ते एका मोठ्या कुटुंबाचं घर आहे, आणि चक्की हे त्या घरातलं जातं.

हे घर कुणाचं? त्यासाठी पार मध्य आशियात जावं लागतं. बुखाऱ्याजवळ गिजदुवान नावाचं गाव आहे. सूफींच्या नक्शबंदी परंपरेचे पूर्वसूरी ख्वाजा अब्दुलखालिक गिजदुवानी तिथले. त्याच गावाचे दोन फकीर सतराव्या शतकात हजारो कोस तुडवत दख्खनेत आले. एक बाबा शाह सईद पलंगपोश. अंगावर बिबट्याचं कातडं पांघरत म्हणून पलंगपोश. दुसरे त्यांचे मुरीद, बाबा शाह मुसाफिर. पलंगपोश 1699 ला गेले, मुसाफिर 1715 ला. गुरू-शिष्य दोघांनाही याच तकियात माती मिळाली.

शाह मुसाफिर काबूलच्या वाटेने हिंदुस्थानात आले आणि शेवटी औरंगाबादेत स्थिरावले. गुरूचं मात्र तसं नव्हतं. पलंगपोश फौजेबरोबर फिरत. गाजीउद्दीनखान फिरोजजंग हा औरंगजेबाचा मोठा सरदार, मूळ समरकंदकडच्या घराण्यातला. पहिला निजाम मीर कमरुद्दीन हा त्याचाच मुलगा. फिरोजजंगाच्या छावणीत तुराणी, म्हणजे मध्य आशियातल्या, शिपायांचा भरणा. घरापासून इतक्या दूर, भाषा परकी, हवा परकी, पगार कधी मिळेल याचा भरवसा नाही. त्यांना आपल्या बोलीत बोलणारा, आपल्या गावाकडचा एक पीर छावणीत असणं ही केवढी आधाराची गोष्ट असेल. लढाईच्या वेळी पलंगपोश फौजेच्या पुढे चालताना दिसतात, असं शिपाई एकमेकांना सांगत.

इथे मी थबकलो, ते आधी सांगून टाकतो. औरंगजेब 1681 ला दख्खनेत उतरला तो 1707 ला नगरला मरेपर्यंत. तो सगळा काळ मी लहानपणापासून एकाच बाजूने वाचत आलोय: रायगडाचा पाडाव, 1689 ला संभाजीराजांचा अंत, राजारामांची जिंजी, ताराबाईंची झुंज. तटाच्या आतून. ती माझी बाजू आहे आणि राहील. पण तटाबाहेरच्या त्या अफाट छावणीत कोण माणसं होती, हे त्या सकाळी वडाखाली बसून पहिल्यांदा मनावर घेतलं. शाह मुसाफिरांच्या नंतर गादीवर आलेले शाह महमूद यांनी दोन्ही पिरांच्या आठवणी फारसीत लिहून ठेवल्या, 'मल्फूजात-ए-नक्शबंदिया' म्हणून. त्यात दरबारापेक्षा साध्या माणसांची वर्दळ जास्त: शिपाई, वाटसरू, रिकाम्या हाताने आलेले तुराणी, हजला निघालेले फकीर. बखरींत ज्यांचा आकडा येतो त्यांची इथे गाऱ्हाणी येतात.

चक्की मात्र दोन्ही पीर गेल्यानंतरची. आसफजाही, म्हणजे निजामाचा, सरदार तुर्कताजखानाने नहर आणि चक्कीचं काम केलं. ते 1744 ला पुरं झाल्याचं सांगतात. पुढे जमील बेगखानाने मशिदीसमोरचा लांबोडका हौद आणि कारंजी जोडली. शाह महमूद 1762 पर्यंत हयात होते, म्हणजे हा सगळा पसारा त्यांच्याच देखरेखीत वाढला. अनेकजण ही नहर मलिक अंबरच्या नावावर घालतात. अंबरची नहर-ए-अंबरी वेगळी आणि शतकभर आधीची. जमिनीखालून पाणी खेळवायचं तंत्र या शहराला त्याच्यापासून माहीत होतं, एवढं श्रेय त्याचं निश्चित.

समाधी शेवटी पाहिली. बीबी का मकबरा इथून जवळच आहे, त्यामुळे मनात कुठेतरी घुमट-मिनार धरून गेलेलो असतो. इथे तसलं काही नाही. तांबडा वालुकाश्म, बेताची उंची, नक्षी जवळजवळ नाहीच. कबरीवर हिरवी चादर, त्यावर सकाळचीच गुलाबाची फुलं. कोपऱ्यात एक म्हातारे मुजावर मोरपिसांचा कुंचा घेऊन झाडत होते. त्यांनी विचारलं, "कुठून आलात?"

"पुण्याहून."

"चक्की पाहिली?"

"पाहिली. पण बाबांसाठी आलो होतो."

त्यांनी कुंचा खाली ठेवला. "बसा मग," म्हणाले. "इथं येतात ते चक्कीचा रस्ता विचारत येतात." आणि मग अर्धा तास ते बोलत होते. मराठीत सुरुवात, मधे दख्खनी, पुन्हा मराठी. वडिलांच्या लहानपणी उरुसाला दूरदूरहून फकीर येत, खालच्या दालनात मुक्काम करत, ते त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं. निघताना त्यांनी मूठभर साखरफुटाणे हातावर ठेवले.

एक गोष्ट मनापासून वाटली ती लिहितो. चक्कीपाशी तिची माहिती देणारं सगळं आहे. पलंगपोश आणि मुसाफिर कोण, गिजदुवान कुठे, ही माणसं इथवर का आली, हे चार ओळींत, ठळक मराठीत, हौदाच्या काठावर लिहिलेलं असायला हवं. सहलीची पोरं दहा पावलं पुढे जातील आणि त्यांना शाळेच्या पुस्तकातल्या नकाशावरचं बुखारा आपल्याच जिल्ह्यात सापडेल.

रात्री शहागंजच्या बाजूला नान-खलिया खाल्ला. मोठ्या डेगेत रात्रभर शिजणारा हा रस्सा तुघलकाच्या फौजेबरोबर दख्खनेत आला, असं इथले बनवणारे अभिमानाने सांगतात. दिवसभर फौजा आणि फकीर यांच्यातच वावरल्यावर ते जेवण फार योग्य वाटलं.

रविवार

खुलताबादला शनिवारी जायचं नाही, असं भावाने आधीच बजावलं होतं. शनिवारी भद्रा मारुतीला रीघ असते. म्हणून रविवार. दौलताबाद मागे टाकून घाट चढला की हवा बदलते. रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या.

खुलताबादचं जुनं नाव रौजा. रौजा म्हणजे समाधी, आणि गाव खरोखरच समाध्यांचं आहे: वेशीच्या आत, बाहेर, शेतात, टेकाडावर, जिथे बघाल तिथे घुमट. सुरुवात 1327 ला झाली. महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तेव्हा दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्यही इकडे आले. त्यांच्यात म्होरके बुऱ्हानुद्दीन गरीब. त्यांच्याही आधी त्यांचे भाऊ मुन्तजिबुद्दीन, लोकांच्या तोंडी 'जर जरी जर बक्ष', इथे येऊन 1309 ला वारले होते.

आधी त्यांच्याच दर्ग्यात गेलो. तिथे कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान तानाशाह याने वाहिलेला पोलादी आरसा आहे, पोलादाच्याच पायावर उभा केलेला. गोवळकोंडा 1687 ला पडला आणि तानाशाहाने उरलेलं आयुष्य दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत काढलं. त्याचीही कबर खुलताबादेतच आहे. ज्याला राज्य गमवावं लागलं त्याने देवाला आरसा वाहावा, यावर मी वाटेत बराच विचार करत राहिलो.

गावाच्या मुख्य रस्त्याच्या एका बाजूला बुऱ्हानुद्दीन गरीब आणि समोर त्यांचे शिष्य झैनुद्दीन शिराझी. दारात फुलं विकणाऱ्या माणसाने हाक मारली, "दादा, डोक्याला रुमाल घ्या. नसला तर इथली टोपी घ्या, परत देऊन जा." टोपी घेतली.

बुऱ्हानुद्दीनांची एक हकिगत मला सगळ्यांत आवडते आणि ती दिल्लीची आहे. ते तिथे निजामुद्दीनांच्या लंगरखान्यावर देखरेख करत. वय झालेलं, पाय दुखत, म्हणून एक घोंगडी दुमडून तिच्यावर बसत. कुणीतरी औलियांच्या कानी घातलं, की हे स्वतःच पीर असल्यासारखे गादीवर बसतात. औलियांनी बोलणं टाकलं. पुढे आले तर एक अक्षर नाही. बुऱ्हानुद्दीन घरी जाऊन रडत बसले. शेवटी अमीर खुसरो मधे पडले. स्वतःच्या पागोट्याचा फास गळ्यात घालून, गुन्हेगार उभा राहतो तसे औलियांसमोर जाऊन उभे राहिले आणि मित्रासाठी क्षमा मागितली. तेव्हा कुठे दार उघडलं. एका दुमडलेल्या घोंगडीवरून एवढं सगळं! पण ज्या घरात बसायची जागासुद्धा इतकी जपून पाहिली जात होती, तिथून शिकून आलेला माणूस दख्खनेत येऊन कसं घर मांडेल, हे त्यावरून कळतं.

त्यांनी मांडलेल्या खानकाहचा, म्हणजे सूफी मठाचा, थाट कमी आणि राबता मोठा. बुऱ्हानुद्दीन समा, म्हणजे सूफी गायन, ऐकताना तल्लीन होऊन नाचत, त्यांच्या त्या नाचाची एक वेगळीच धाटणी होती आणि तसे नाचणारे 'बुऱ्हानी' म्हणून ओळखले जात. 1337 ला ते गेले. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तापीकाठी शहर वसवलं त्याला बुऱ्हाणपूर नाव दिलं ते यांच्यावरून, आणि नदीच्या पलीकडच्या काठाला झैनाबाद, ते झैनुद्दीनांवरून. नकाशावर गुरू-शिष्य आजही समोरासमोर आहेत, इथल्या रस्त्यासारखेच.

दर्ग्याच्या फरशीत एका जागी रुपेरी ठिपके आहेत. खर्चाला पैसा उरला नाही तेव्हा शिष्यांनी प्रार्थना केली आणि फरशीतून चांदीची रोपटी उगवू लागली, ती तोडून विकून दर्गा चालला, अशी कथा. खादिमाने खाली वाकून बोट ठेवून ठिपके दाखवले. मलाही वाकून हात लावावासा वाटला, लावला. गुळगुळीत, गार. शेकडो वर्षांची बोटं त्यावरून फिरलेली. अंगणाच्या दुसऱ्या बाजूला पहिला निजाम आसफजाह आणि त्याचा मुलगा नासिरजंग यांच्या कबरी आहेत. फिरोजजंगाचा मुलगा तो हा. काल पाणचक्कीत ज्या घराण्याची छावणी भेटली, त्याचा शेवटचा मुक्काम आज इथे भेटला.

समोरच्या दर्ग्यात झैनुद्दीन, 1369 ला गेलेले, विद्वान म्हणून नावाजलेले. त्यांच्याच आवारात औरंगजेब आहे. स्वतःच्या इच्छेनुसार पिराच्या पायाशी, वर छत नाही, माती उघडी. संगमरवरी जाळी पुष्कळ नंतर, विसाव्या शतकात निजामाने बसवली. हल्ली इथे पोलिसांचा पहारा असतो, पिशव्या तपासतात. येणाऱ्यांपैकी बहुतेकजण फक्त तेवढंच बघून, फोटो काढून परत फिरतात. झैनुद्दीनांच्या कबरीपाशी मी होतो तेवढा वेळ आम्ही तिघंच होतो. बादशहा ज्याच्या ओढीने इथे आला त्याच्याकडे पाठ करून बादशहाकडे बघून जाणं, हे मला फार खटकलं. पाणचक्कीत जे चक्कीने केलं तेच इथे औरंगजेबाच्या कबरीने केलं आहे.

दुपारनंतर गावाबाहेर अमीर हसन सिज्झींच्या कबरीला गेलो. खुसरोंचे स्नेही, फारसीतले मोठे कवी. निजामुद्दीन औलियांचं बोलणं त्यांनी वर्षानुवर्षं टिपून ठेवलं, 'फवाइदुल फुआद' या नावाने. पीर काय बोलले ते जसंच्या तसं, तारीखवार लिहून ठेवायची जी रीत पुढे रुळली, तिचा पाया या ग्रंथाने घातला. शाह महमूदांची मल्फूजात त्याच कुळीतली. तुघलकाच्या हुकुमानंतर हसनही दिल्ली सोडून आले आणि इथेच राहिले. पोराची बुद्धी तल्लख व्हावी म्हणून आया कबरीवर साखर ठेवून ती पोराला चाटवतात. जागा अगदी शांत, आजूबाजूला गवत वाढलेलं. मलिक अंबरचा मकबराही जवळच्या शिवारात आहे, तो उन्हं कलताना पाहिला. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा कर्ता पुरुष झालेला आणि 1626 ला वारलेला हा माणूस. शहराला पाणी पाजणाऱ्याच्या कबरीवर एकही फूल नव्हतं. भावाने स्कूटरच्या डिकीतून सकाळच्या फुलांपैकी उरलेली पुडी काढली आणि तिथे वाहिली.

सोमवार

सामान बरोबर घेऊनच निघालो, कारण दौलताबादहून परस्पर परतायचं होतं. किल्ला भावाने आणि मी आधी अनेकदा चढलेला. यावेळी चढलो नाही. पायथ्याचं काम होतं.

सोळाव्या शतकात या किल्ल्यावर जनार्दनस्वामी अधिकारी होते, मुसलमानी अमलात किल्ल्याचा कारभार पाहणारे देशस्थ ब्राह्मण आणि दत्तभक्त. पैठणहून पळून आलेला पोरगा एकनाथ त्यांच्यापाशीच शिकला. हिशेबातली एका पैची चूक सापडल्यावर रात्री टाळी वाजवणारे नाथ, ती कथा इथलीच. दर गुरुवारी स्वामींच्या उपासनेसाठी किल्ल्याच्या कचेरीला सुटी असे, असं सांगतात. या जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले. परंपरा त्यांना कादरी शाखेच्या सूफींशी जोडते, आणि त्यांची समाधी दर्ग्याच्या रूपात दौलताबादेतच आहे.

ती विचारत विचारतच शोधावी लागली. पहिल्या पानटपरीवाल्याने जनार्दनस्वामींच्या समाधीचा रस्ता दाखवला, दुसऱ्याने "चांदबाबा का? मग या बोळातून" म्हणून सोबत येऊन दाखवलं. छोटी वास्तू, चुन्याचा हात दिलेली. दारात उदबत्तीची राख आणि शेजारी तुळशीची मंजिरी, दोन्ही. भाऊ म्हणाला, "दादा, नाथांचे आजेगुरू म्हणजे हेच ना?" मी हो म्हटलं आणि आम्ही दोघांनी नमस्कार केला. 'एकनाथी भागवत' घरात पारायणाला असतं, आजीने त्याच्या पोथीला लाल रेशमी बासन शिवलं होतं. पण त्या पोथीच्या मागच्या गुरूंच्या ओळीत हे नाव येतं हे मला चाळिशीत पोहोचल्यावर कळलं.

बोळाच्या तोंडाशी चहा घेताना टपरीवाल्याने आपणहून सांगितलं, की चांदबाबांचे दुसरे मोठे शिष्य श्रीगोंद्याचे शेख महंमद. हे नाव मला माहीत होतं: 'योगसंग्राम' लिहिणारे, मराठीत ओवी लिहिणारे सूफी-वारकरी संत, ज्यांना शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे गुरू मानत आणि ज्यांच्यासाठी त्यांनी श्रीगोंद्याला मठ बांधून दिला असं तिथली परंपरा सांगते. म्हणजे बुखाऱ्याहून आलेली एक ओळ पाणचक्कीपाशी थांबते, दिल्लीहून आलेली एक ओळ खुलताबादेत, आणि तिसरी इथून मराठी बोलत खाली भीमेच्या खोऱ्यात उतरते.

भावाने मोबाइलवर पाहिलं. नगरपर्यंत याच रस्त्याने जायचं, तिथून श्रीगोंद्याला एसटी आहेत. पुण्याचं तिकीट अजून काढलेलं नव्हतं. कचेरीत फोन करून मंगळवारची रजा सांगितली आणि नगरची गाडी धरली.